अमोल मुझुमदार: एका वस्तादाची तालीम

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, लाल मातीत पोरं घाम गाळतात ती जागा. शब्द एकच, अरबीतून फारसीच्या वाटेने दख्खनेत आलेला. उस्तादचा मराठीत वस्ताद झाला, शागिर्द जवळपास तसाच राहिला, मेहनत हा शब्द पैलवानांनी व्यायामासाठी उचलला. रियाज आपण गाण्यापुरता ठेवला, पण आजच्या अरबीत रियाजा म्हणजे चक्क खेळ. मी शाळेत या दोन्ही भाषा शिकवते. मुलांना हे शब्द समजावून सांगताना एक गोष्ट दर वेळी जाणवते: आपल्या पूर्वजांच्या लेखी शिकणं आणि खेळणं यांत भिंत नव्हती. ती भिंत आपण नंतर बांधली.

आज एका वस्तादाबद्दल लिहायचं आहे. पनवेलहून हार्बर लाइनने निघालं की काही स्टेशनांवर नेरूळ येतं. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. स्वतः भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस. बातम्या येऊन गेल्या, हारतुरे झाले. बातमी विझल्यावर इतिहास लिहायला घ्यावा म्हणून थोडी थांबले होते.

सुरुवात १९८८ पासून करावी लागते. फेब्रुवारी महिना, आझाद मैदान, शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. दादरची शारदाश्रम विरुद्ध सेंट झेविअर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची अभंग भागीदारी ६६४ धावांची. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोचली आहे. तिसरं नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. यांच्यातला एक बाद झाला की मैदानात उतरायचं, म्हणून पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार. कोणी बादच झालं नाही. ७४८ धावांवर डाव घोषित झाला आणि त्याने पॅड सोडले.

या तिघांचे गुरू एकच, रमाकांत आचरेकर. मूळचे मालवणचे, नोकरी स्टेट बँकेत. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले, तोही हैदराबादच्या मोइन-उद-दौला गोल्ड कप स्पर्धेत. शिवाजी पार्कवर त्यांनी किती मुलं घडवली याची यादी लांबलचक आहे: तेंडुलकर, कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर, रमेश पोवार. पुढे १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. एका सामन्याचा खेळाडू आणि अख्ख्या पिढीचा उस्ताद. मुझुमदारांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी आचरेकर सर समजून घ्यायला हवेत. स्वतः किती खेळलं यावर शिकवण्याची लायकी ठरत नाही, हे मुंबईने त्यांच्या रूपाने फार आधी पाहिलं होतं.

मुझुमदारांची पाळी १९९३-९४ च्या हंगामात आली. फरिदाबादला हरयाणाविरुद्ध मुंबईकडून रणजीचं पदार्पण, वय एकोणीस, धावा २६०. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात इतक्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. हा विक्रम २०१८ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा करून मोडला, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं तो टिकला. इंग्लंडला गेलेल्या एकोणीस वर्षांखालील संघाचा उपकर्णधार, मग भारत 'अ' संघ. हा मुलगा भारताकडून खेळणार याबद्दल त्या वेळी कोणाला शंका नव्हती.

मग १९९६ साल आलं. जूनमध्ये लॉर्ड्सवर राहुल द्रविड आणि सौरव गांगुली यांनी एकाच कसोटीत पदार्पण केलं. वर्षअखेरीस लक्ष्मण आले. तेंडुलकर आणि अझरुद्दीन आधीपासून होतेच. मधल्या फळीचं दार बंद झालं आणि पुढची बारा-पंधरा वर्षं ते फारसं उघडलंच नाही. आझाद मैदानावर जे दोन दिवस घडलं, तेच पुढे मोठ्या पटावर घडत राहिलं. आत खेळणारे बाद होत नव्हते आणि बाहेर बसलेल्याने पॅड सोडले नव्हते.

या काळात मुझुमदार काय करत होते? धावा. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८ च्या वर. हरयाणाच्या अमरजित केपींना मागे टाकून ते रणजीत सर्वाधिक धावा करणारे फलंदाज झाले. पुढे तो मान वसीम जाफरने घेतला. तोही मुंबईचाच.

२००६-०७ चा हंगाम इथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मुझुमदार मुंबईचे कर्णधार होते. सुरुवात इतकी वाईट झाली की मुंबईला लोकांनी मोडीत काढलं. त्यातून सावरून संघ उपांत्य फेरीत पोचला. तिथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबईचे पाच गडी बाद झाले तेव्हा फलकावर धावा होत्या शून्य. हे वाक्य पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. तरीही मुंबईने तो सामना जिंकला आणि वानखेडेवर बंगालला १३२ धावांनी हरवून रणजी करंडक घेतला. अठरा वर्षांनी नेरूळला जे झालं त्याचा पहिला धडा इथे आहे.

त्यानंतरची वर्षं उताराची. २००९ मध्ये मुंबई सोडून ते आसामकडे गेले, मग आंध्रकडे. मुंबईच्या कर्णधाराने आसामच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसणं सोपं नसतं. पण मला वाटतं, त्यांची प्रशिक्षक म्हणून खरी तालीम तिथेच झाली असावी. मुंबईच्या संघात जिंकण्याची सवय भिंतीतच मुरलेली असते. जिथे ती नाही, तिथे ती शिकवावी लागते, बोलून आणि वागून. २०१४ मध्ये त्यांनी खेळणं थांबवलं.

पुढची पायरी लगेच मोठी नव्हती. नेदरलँड्सच्या फलंदाजांना शिकवलं. आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला तेव्हा त्याने तात्पुरते फलंदाजी प्रशिक्षक म्हणून त्यांना घेतलं. ज्या देशाविरुद्ध पुढे विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकायचा होता, त्या देशाच्या पुरुष संघाची चाकरी त्यांनी आधी करून ठेवली होती. २०२१ मध्ये ते मुंबईचे मुख्य प्रशिक्षक झाले.

इथे थोडं थांबून जून २०२२ चा रणजी अंतिम सामना पाहू या, कारण वस्तादांच्या इतिहासात त्याला मोठी जागा आहे. बंगळुरूचं चिन्नास्वामी मैदान. एका बाजूला मुंबई, प्रशिक्षक अमोल मुझुमदार. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दोघे आचरेकरांचे शागिर्द. पंडित पाच कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून याच मैदानावर ते रणजीचा अंतिम सामना कर्नाटककडून हरले होते. त्यानंतर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली आणि विदर्भाला २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा. विदर्भाचा तो संघ आठवून पाहा. कर्णधार नागपूरचा फैज फजल, आणि चाळिशीला आलेला वसीम जाफर, ज्याच्या बॅटमधून इंदूरच्या अंतिम सामन्यातला विजयी फटका आला. कधी अंतिम फेरीही न पाहिलेल्या संघाने दोन वर्षं सगळ्या देशाला हरवलं.

२०२२ च्या त्या सामन्यात मुंबईकडून सरफराज खानने १३४ धावा केल्या. सरफराजचे प्रशिक्षक त्याचे वडील नौशाद खान, म्हणजे आणखी एक वस्ताद. मध्य प्रदेशकडून तिघांनी शतकं ठोकली आणि मुंबई सहा गड्यांनी हरली. पंडितांचं तेवीस वर्षांचं देणं त्याच मैदानावर फिटलं. मुझुमदारांच्या वाट्याला पुन्हा दुसरं स्थान आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा जिंकला, तो मात्र त्यांच्या हाताखाली.

आता मुलींकडे येते. भारतात महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली. संघ किती? तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी महिलांच्या क्रिकेट संघटनेची नोंदणी झाली होती. पुढची तेहतीस वर्षं या मुलींनी जवळपास स्वतःच्या हिमतीवर क्रिकेट खेळलं. २००६ मध्ये त्यांची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. त्याच्या एक वर्ष आधी, २००५ मध्ये, आपला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचून ऑस्ट्रेलियाकडून हरला होता. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडकडून तो फक्त नऊ धावांनी हरला. पुरुषांइतकं सामना-मानधन २०२२ मध्ये जाहीर झालं, महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. एवढं होऊनही डिसेंबर २०२२ मध्ये रमेश पोवार यांना हलवल्यावर या संघाला सुमारे दहा महिने पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नव्हता. पुरुषांच्या संघाबाबत असं दहा दिवसही कोणी चालवून घेतलं नसतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदारांची नेमणूक झाली. डिसेंबरात नेरूळच्याच मैदानावर संघाने इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं आणि पाठोपाठ वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला. महिला कसोटीत ऑस्ट्रेलियावरचा हा आपला पहिला विजय. मग धक्का. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच बाहेर पडला. क्षेत्ररक्षणावर, तंदुरुस्तीवर बोट ठेवलं गेलं. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जाऊन एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी अशा दोन्ही मालिका जिंकल्या, तेव्हा काम वळणावर असल्याचं दिसलं.

विश्वचषकात ऑक्टोबरच्या दहा दिवसांत सलग तीन पराभव झाले. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून आणि ऑस्ट्रेलियाकडून, इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धावा करूनही हार. समाजमाध्यमांवर मुलींची जी काही शोभा झाली, ती इथे उगाळत नाही. ज्याने स्वतः काही खेळलं नाही तो काय शिकवणार, हेही बोललं गेलं.

प्रशिक्षकाचं काम अशा वेळी दिसतं. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळून एक गोलंदाज वाढवला होता. न्यूझीलंडविरुद्ध जेमिमाला परत घेतलं आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. तिने नाबाद ७६ केल्या. आधीचा निर्णय योग्य होता हे सिद्ध करत बसण्याऐवजी तो बदलला. उपांत्य सामन्यात, ३० ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. त्या दिवशी मुझुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं होतं की अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. मी फळ्यापुढे उभी राहणारी बाई आहे, म्हणून हे मला फार आवडलं. शिक्षकाने घाबरलेल्या वर्गाला गणित सोपं करून द्यायचं असतं. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतका मोठा पाठलाग तोवर कोणी केला नव्हता. जेमिमा नाबाद १२७, हरमनप्रीत ८९, आणि नऊ चेंडू राखून विजय.

दुसरी गोष्ट शेफाली वर्माची. ती मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल ३०८ धावा करून बांगलादेशविरुद्ध पाय दुखावून बसली, तेव्हा शेफालीला बोलावलं. उपांत्य सामन्यात ती दहा धावांत बाद झाली. अंतिम सामन्यात तिने ८७ केल्या आणि हरमनप्रीतने तिच्या हाती चेंडू दिला तर दोन गडीही घेतले. दीप्ती शर्माने ५८ धावा आणि पाच बळी अशी कामगिरी केली. भारत २९८, दक्षिण आफ्रिका २४६. लॉरा वोल्वार्डटचं शतकही त्यांना वाचवू शकलं नाही. जल्लोषात प्रतिका चाकाच्या खुर्चीवर मैदानात आली. जिंकल्यावर हरमनप्रीतने मुझुमदारांच्या पायांना हात लावला. आमच्या घरांत पायांना हात लावायची रीत नाही, आम्ही सलाम करून दुआ घेतो. अर्थ एकच.

या विजयानंतर एक वाक्य वारंवार ऐकू आलं: नशिबाने मुझुमदारांना व्याजासकट परत दिलं, सब्र का फल मीठा होता है. मला हे पटत नाही. जे त्यांना मिळायला हवं होतं ते मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. भारताची टोपी हा वेगळा हिशेब, विश्वचषक वेगळा. दोन्ही एका वहीत मांडले की निवड समित्यांची जबाबदारी नाहीशी होते आणि सगळं सब्रवर ढकललं जातं. आपल्या समाजाला, आणि त्यातही आपल्या मुलींना, सब्रचे सल्ले कमी मिळालेले नाहीत. शिवाय मुझुमदारांना दुसरी वाट तरी सापडली. पॅड बांधून बसलेल्या कितीतरी मुलामुलींना ती कधी सापडत नाही.

मग त्यांच्या कारकिर्दीतून घ्यायचं काय? माझ्या मते एवढंच, की दार बंद झाल्यावर त्यांनी विद्या बंद केली नाही. मुंबई, आसाम, आंध्र, नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका, जिथे गेले तिथे ती वाटली. आणि तीन पराभवांनंतर खचलेल्या खोलीत काय बोलायचं, हे जिंकत राहिलेल्यापेक्षा शून्यावर पाच गडी गेलेले पाहिलेल्या माणसाला अधिक कळलं असेल.

अशा उस्तादांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, नोंद मात्र तोकडी. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताच्या फुटबॉल संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक घेतला. जकार्ताला दक्षिण कोरियाला हरवलं तेव्हा कर्करोग त्यांना पोखरत होता. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यानंतर आशियाई फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही. तरी 'मैदान' हा चित्रपट २०२४ मध्ये येईपर्यंत माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं.

दुसरं नाव नूशीन अल खदीर. २००५ चा तो हरलेला अंतिम सामना खेळलेली ऑफस्पिनर, एकदिवसीय क्रिकेटमध्ये शंभर बळी. जानेवारी २०२३ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींचा पहिला विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला, तो भारताने जिंकला. अंतिम सामन्यात इंग्लंडचा डाव ६८ धावांत गुंडाळला. प्रशिक्षक होत्या नूशीन आणि कर्णधार होती शेफाली वर्मा, तीच, नेरूळला ८७ धावा करणारी. महिला क्रिकेटमधला भारताचा पहिला विश्वचषक एका मुस्लिम बाईच्या शिकवणीतून आला, हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या वर्गातल्या मुलींना विचारलं तर एकीलाही नव्हतं. आता आहे.

सातवी-आठवीनंतर मुली मैदानातून गळत जातात. कोणी जाहीर मनाई करत नाही. खेळाचा तास गणिताला दिला जातो, मैदानावर मुलगे आधी पोचलेले असतात, घरी उशीर चालत नाही, गणवेशाचा प्रश्न निघतो. अशी पाच-सहा लहान कारणं मिळून एक मोठं दार बंद होतं. नेरूळच्या विजयानंतर मुली उत्साहात आहेत आणि हा उत्साह फार दिवस टिकणार नाही. म्हणून पालकांना आणि सहकारी शिक्षकांना माझं सांगणं आहे: खेळाचा तास कापू नका, आठवड्यातून दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी राखा, आणि मुलगी घामाघूम होऊन घरी आली तर आधी पाणी द्या, प्रश्न नंतर विचारा.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, मोहल्ल्यात, शाळेत कोणी पीटीचे सर, कबड्डीचे वस्ताद, मुलींना धावायला शिकवणाऱ्या बाई असतील, तर त्यांच्याशी बसून बोला. कोणत्या साली कोणती मुलं घडवली ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. ती माणसं म्हातारी होत आहेत आणि त्यांच्या नावांची यादी कुठल्याही कचेरीत ठेवलेली नाही.